लिनक्ससाठी छोटा, हलका, दणकट लॅपटॉप : बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नवख्यांसाठी

लिनक्ससाठी, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीसाठी, लॅपटॉप घ्यायला निघालात तर खिशात पैशांबरोबर एक पेनड्राइव्हही ठेवा. त्यावर लिनक्स भरलेलं असलं की विक्रेता काय म्हणतो, चुलतभाऊ काय सांगतो, यूट्यूबवर कोण कशाची तारीफ करतो, याला फारसा अर्थ उरत नाही. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचं, अर्धा तास तपासायचं आणि मगच भावाचं बोलायचं. या लेखात पुढे मॉडेलं आहेत, वजनं आहेत, पाऊसपाण्याचा विचार आहे, पण सगळ्यात जास्त जागा त्या अर्ध्या तासाला दिली आहे.

बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांत लिनक्सकडे वळणारे बहुतेक जण एकतर इंजिनिअरिंग किंवा बीसीएचे विद्यार्थी असतात, नाहीतर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहावं लागणारे शिक्षक, पत्रकार, ग्रामपंचायतीत काम करणारे लोक. दोघांनाही यंत्र रोज पाठीवर घेऊन फिरावं लागतं. म्हणून इथे पंधरा इंची, दोन-सव्वादोन किलोच्या लॅपटॉपांचा विचारच केलेला नाही.

आधी हे ठरवा : लिनक्स तुम्हाला चालणार का?

टॅलीवर हिशेब लिहिणारे, जीएसटीच्या किंवा टेंडरच्या कामासाठी डिजिटल सहीची यूएसबी किल्ली वापरणारे आणि छपाईसाठी श्रीलिपीत मजकूर लावणारे, या तिघांनी एकमेव लॅपटॉप लिनक्सचा करू नये. हे प्रोग्राम विंडोजसाठी बनलेले आहेत. लिनक्सवर ते चालवायच्या खटपटी आहेत, पण सोमवारी सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना खटपट नको असते. नुडीच्या (हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फायली कपाटभर असतील तर त्यांच्यासाठी एक विंडोजचं यंत्र घरात राहू द्या.

बाकीच्यांना अडचण नाही. ब्राउझर, लिबरऑफिस, पीडीएफ, सी आणि पायथनच्या लॅबचा अभ्यास, व्हिडिओ कॉल, सगळं होतं. कॉलेजची ऑनलाइन परीक्षा एखाद्या खास निगराणी-सॉफ्टवेअरवर असेल तर ते लिनक्सवर चालतं का, एवढं कॉलेजात आधी विचारून घ्या.

नवा की वापरलेला?

बजेट वीस-पंचवीस हजारांच्या आतबाहेर असेल तर माझं उत्तर ठाम आहे : कंपनीच्या ऑफिसातून निघालेला, वापरलेला ‘बिझनेस’ वर्गाचा लॅपटॉप. याच किमतीत मिळणारी नवी छोटी यंत्रं बघायला गोंडस असतात. पण त्यांत कमी ताकदीचा प्रोसेसर असतो, चार जीबी रॅम मदरबोर्डवरच झाळलेली (सोल्डर केलेली) असते, साठवण ३२ किंवा ६४ जीबीची आणि तीही झाळलेली. झाळलेली वस्तू बदलता येत नाही. दोन वर्षांनी जागा पुरेनाशी झाली की यंत्र संपलं. काही जुन्या अ‍ॅटम प्रोसेसरवाल्या यंत्रांत तर प्रोसेसर ६४ बिटचा आणि फर्मवेअर (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम) ३२ बिटचं अशी विचित्र जोडी असते. त्यांवर लिनक्स चढवताना अनुभवी माणूसही कावतो.

ऑफिसातून निघालेल्या यंत्रांचा पुरवठा मध्यंतरी वाढला, त्याला कारण आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य केले आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीची चांगली, धडधाकट यंत्रं कंपन्यांच्या दृष्टीने निकामी ठरली. लिनक्सला त्या अटीचं काही देणंघेणं नाही. विंडोजवाल्यांना नको असलेलं यंत्र तुम्हाला स्वस्तात मिळतं आणि पुढची बरीच वर्षं सुरक्षिततेच्या अपडेटसह चालतं.

नवंच घ्यायचं असेल आणि खिसा मोठा असेल तर लेनोव्होच्या थिंकपॅड किंवा डेलच्या लॅटिट्यूडच्या नव्या मॉडेलांकडे बघा. उबंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी तपासून प्रमाणित केलेल्या लॅपटॉपांची यादी ठेवते, त्यात नाव आहे का ते पाहा. अगदी नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल मात्र टाळा. त्याच्या वाय-फाय, आवाज, कॅमेऱ्याचा आधार लिनक्समध्ये नीट यायला काही महिने लागू शकतात.

कोणती मॉडेलं शोधायची

प्रोसेसरच्या नावातून पिढी ओळखता येते. आय५-६३००यू म्हणजे सहावी, आय५-७३००यू म्हणजे सातवी, आय५-८३५०यू म्हणजे आठवी. शेवटचं ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा. सातव्या पिढीपर्यंतच्या या आय५ मध्ये दोन कोर असतात, आठव्या पिढीत चार. हा फरक कागदावरचा नाही, हाताला जाणवतो. विद्यार्थ्याला कोड कंपाइल करायचा असेल, ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या राहत असतील तर दोन-चार हजार जास्त देऊन आठवी पिढी घ्या. फक्त लिहिणं-वाचणं असेल तर सहावी-सातवी भरपूर झाली.

लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स मालिकेत २०१६ चा एक्स२६० आणि २०१७ चा एक्स२७० ही साडेबारा इंची यंत्रं आहेत. दोन्हींत एक बॅटरी आत आणि दुसरी मागच्या बाजूला काढता-घालता येणारी. आतली बॅटरी यंत्र जागं ठेवते, तेवढ्यात मागची बदलून घ्यायची. बंद करावं लागत नाही. लाइट कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात ही सोय किती मोलाची आहे ते सांगायला नको. एक्स२७० मध्ये यूएसबी-सी आलं, त्यामुळे चार्जर हरवला तर यूएसबी-सीचा योग्य ताकदीचा कुठलाही चांगला चार्जर चालतो. २०१८ च्या एक्स२८० ला आठवी पिढी मिळाली आणि तो सव्वा किलोच्याही आत आला. पण रॅम झाळलेली आणि मागची बॅटरी गेली. एक्स२८० घेणार असाल तर आठ जीबीच्या खाली घेऊच नका, कारण पुढे वाढवता येणार नाही.

चौदा इंच चालत असेल तर २०१८ चा टी४८०. रॅमचे दोन खाचे, मागची बॅटरी, आठवी पिढी, भरपूर सुटे भाग. वजन दीड किलोच्या वर जातं, मोठी बॅटरी लावली तर आणखी. त्याचाच सडपातळ भाऊ टी४८०एस साधारण १.३ किलोचा, पण त्यात रॅमचा एक भाग झाळलेला आणि एकच खाचा.

डेलचा लॅटिट्यूड ७२९० हाही साडेबारा इंची, साधारण १.२ किलोचा आणि आठव्या पिढीत मिळतो. दिसायला अगदी साधा, म्हणून कधी कधी थिंकपॅडपेक्षा कमी भावात हाती लागतो. रॅमचा खाचा एकच. एचपीच्या एलिटबुक ८३० जी५ ला अ‍ॅल्युमिनियमचं अंग, १३.३ इंची पडदा आणि रॅमचे दोन खाचे आहेत. मात्र या एलिटबुकांपैकी काहींना ‘शुअर व्ह्यू’ नावाचा, शेजारच्याला दिसू नये म्हणून बनवलेला पडदा असतो. तो बंद ठेवला तरी फिका वाटतो. समोर ठेवून पाहिल्याशिवाय तो घेऊ नका.

माझी निवड विचाराल तर खानापूरहून रोज बसने किंवा रेल्वेने बेळगावला येणाऱ्या मुलामुलीला एक्स२७०, आणि मुख्यतः घरी-हॉस्टेलवर बसून काम करणाऱ्याला टी४८०.

काय टाळायचं : वेगळं एनव्हिडिया ग्राफिक कार्ड असलेलं यंत्र (ड्रायव्हरचा ताप, बॅटरीचा खप आणि उष्णता), ब्रॉडकॉम कंपनीचं वाय-फाय कार्ड, जुने मॅकबुक, क्रोमबुक. ही सगळी लिनक्सवर चालवता येतात, पण पहिल्याच यंत्राला ही परीक्षा कशाला? वाय-फाय इंटेलचं असेल तर निर्धास्त राहा. त्याचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरची यंत्रंही चांगली चालतात, वापरलेल्यांत ती कमी दिसतात इतकंच.

दणकटपणा म्हणजे नेमकं काय

या वर्गातल्या यंत्रांच्या जाहिरातीत ‘मिलिटरी’ दर्जाची चाचणी असं लिहिलेलं असतं. म्हणजे एमआयएल-एसटीडी-८१० नावाच्या अमेरिकी मानकातल्या धक्के, कंपनं, धूळ, दमटपणा अशा काही चाचण्या कंपनीने केलेल्या असतात. यंत्र पाण्यात टाकलं तरी चालेल असा त्याचा अर्थ नाही. बऱ्याच थिंकपॅडच्या कीबोर्डखाली पाणी वाहून जायला वाट असते, त्यामुळे चहा सांडला तर वाचण्याची आशा असते. आशा म्हणतोय, हमी नव्हे.

आपल्याकडच्या वापरात मात्र तीन-चार वेगळ्याच गोष्टी यंत्राची परीक्षा घेतात. पहिली बसमधली चेंगराचेंगर. महिलांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेनंतर सकाळच्या गाड्या कशा भरून येतात ते रोज जाणाऱ्यांना माहीत आहे. पाठीवरच्या बॅगेवर मागचा माणूस रेलला की दाब थेट पडद्यावर येतो. म्हणून पडद्यामागचं झाकण बोटांनी हलकं दाबून बघा. समोरच्या चित्रावर लाटा उठल्या तर ते झाकण पातळ आहे. दुसरी गोष्ट बिजागरी. यंत्र एका कोपऱ्यातून एका हाताने उचला. अंग करकरलं किंवा पडदा आपोआप मागे कलला तर बिजागरी किंवा तिच्या खालचं प्लास्टिक गेलेलं असतं.

मग पाऊस. जांबोटी-कणकुंबी भागात श्रावणात कपडे वाळत नाहीत, तिथे आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेला लॅपटॉपही ओलसर होतो. त्याला रोज नाही तरी एक-दोन दिवसाआड तासभर चालू ठेवा. आतली ऊब हेच त्याचं औषध. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नाहीतर निपाणीच्या तंबाखू वखारीत बसून काम करत असाल तर वर्षातून एकदा तळ उघडून पंखा साफ करावा लागणार. म्हणूनच ज्याचा तळ साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतो असंच यंत्र घ्या. वर सांगितलेल्या सगळ्या मॉडेलांचा उघडतो.

पडदा आणि देवनागरी

साडेबारा इंची यंत्रं दोन प्रकारच्या पडद्यांत येतात : १३६६ बाय ७६८ आणि १९२० बाय १०८०. इंग्रजी वाचणाऱ्याला पहिला चालून जातो. मराठीत मात्र वर रफार-अनुस्वार, खाली उकार-ऋकार आणि मध्ये जोडाक्षर. कन्नडात तर अक्षराखाली ओत्तक्षर (जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन) लटकतं. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर ही सगळी गर्दी चिकटून एक होते. दुसराच घ्या, आणि तो आयपीएस प्रकारचा आहे का पाहा. ओळखायची खूण सोपी : बाजूने, वरून, खालून बघा. रंग उलटे-काळपट झाले तर तो जुन्या टीएन प्रकारचा. एकच मॉडेल दोन्ही पडद्यांत विकलेलं असतं, म्हणून नावावर विसंबू नका.

पेनड्राइव्ह तयार करा

नवख्यांनी लिनक्स मिंट घ्यावं. विंडोजसारखी मांडणी, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट मिळवणार आहे. तिची फाइल साधारण तीन जीबीची असते, पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो. आठ जीबी रॅम असेल तर ‘सिनॅमन’ आवृत्ती, चार असेल तर ‘एक्सएफसीई’. फाइल मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. विंडोजवर ‘रूफस’ हा छोटा प्रोग्राम ती पेनड्राइव्हवर चढवतो. ‘व्हेंटॉय’ वापरलात तर एकाच पेनड्राइव्हवर दोन-तीन लिनक्स नुसत्या फायलींसारख्या टाकून ठेवता येतात. पेनड्राइव्हवर आधीचं जे आहे ते पुसलं जातं, लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा.

दुकानातला अर्धा तास

बेळगावात गणपत गल्ली-मारुती गल्लीच्या आसपास आणि टिळकवाडीकडे लॅपटॉपची दुकानं आहेत. यापेक्षा जास्त निवड हवी असेल तर कोल्हापूर, हुबळी, पुणे, किंवा बेंगळुरूचा एसपी रोड. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसून सकाळी बेंगळुरूत उतरणं अवघड नाही, पण लक्षात ठेवा, तिथून आणलेलं यंत्र बिघडलं तर बदलून घ्यायला परत तेवढंच जावं लागतं. भावात हजार-दीड हजाराचाच फरक असेल तर गावातलं दुकान बरं. बदलून देईन म्हणणारा माणूस दोन गल्ल्यांवर असणं हीही वॉरंटीच.

‘सगळं चालतंय की ओ, घेऊन जावा बिनधास्त’ असं म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा की पेनड्राइव्ह लावून बघतो, आत काही बदलत नाही. खरंच बदलत नाही. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं आणि डिस्कला तुम्ही सांगितल्याशिवाय हात लावत नाही. यालाच नकार देणाऱ्या दुकानातून उठा.

यंत्र सुरू करताच थिंकपॅड आणि डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहा. कुठून सुरू करू अशी यादी येते, त्यात तुमचा पेनड्राइव्ह निवडा. इथेच पासवर्ड मागितला तर थांबा. यंत्राच्या सेटिंगमध्ये (बायोसमध्ये) जाऊनही बघा : थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. जुन्या कंपनीने लावलेला सुपरव्हायझर पासवर्ड राहिला असेल तर तो मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढून जात नाही, चिपमध्ये कोरलेला असतो. ‘नंतर काढून देतो’ यावर विश्वास ठेवू नका. काढून दाखवा आणि मग पैसे घ्या म्हणा. त्याच सेटिंगमध्ये ‘अ‍ॅबसोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ नावाची चोरी-शोध सोय चालू दिसली तर यंत्र अजून मूळ कंपनीच्या नावावर असण्याची शक्यता आहे. असं यंत्र सोडून द्या.

मिंट सुरू झालं की पहिलं वाय-फाय. फोनचा हॉटस्पॉट लावा, जोडा, एक व्हिडिओ सुरू करा. तोच व्हिडिओ पूर्ण पडद्यावर चालू ठेवून आवाज ऐका, दोन्ही बाजूंचे स्पीकर वाजतात का पाहा, उजेड कमी-जास्त करायच्या कळा दाबा, ब्लूटूथवर हेडफोन जोडा. वाय-फायची नावंच दिसत नसतील तर फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग सुरू करा; ते बहुतेक वेळा लगेच चालतं आणि इंटरनेट आल्यावर मिंटचा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ काय कमी आहे ते सांगतो. पण शक्यतो ज्याला असं काही लागत नाही तेच यंत्र घ्या.

आता झाकण बंद करा. मिनिटभर थांबून उघडा. पडदा परत आला, वाय-फाय परत जोडलं गेलं, तर मोठी कटकट टळली. लिनक्सवर यंत्रं सगळ्यात जास्त अडतात ती इथेच, आणि दुकानात हे कुणीच तपासत नाही.

कीबोर्डची प्रत्येक कळ टेक्स्ट एडिटरमध्ये दाबून बघा. बाहेरच्या देशांतून आलेल्या मालात जर्मन किंवा ब्रिटिश कीबोर्ड निघतात : वायच्या जागी झेड असेल किंवा एंटरची कळ उभी-लांब असेल तर समजा. लिनक्सला चालतं, बोटांना त्रास होतो, आणि भाव कमी करून घ्यायला ते कारण पुरेसं आहे. सगळ्या यूएसबी खाचांत पेनड्राइव्ह घालून बघा. यूएसबी-सी असेल तर तिथून चार्जिंग होतं का हे हमखास बघा, कारण २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या फर्मवेअरमधल्या दोषाने हा खाचा बिघडू शकत होता. लेनोव्होने त्यावर दुरुस्तीचं अपडेट काढलं, पण आधीच्या मालकाने ते टाकलं होतं की नाही हे कळायला खाचा तपासणं हाच मार्ग.

बॅटरीसाठी टर्मिनल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडा. ‘यूपॉवर’ लिहा, जागा सोडा, हायफन आणि डी (upower -d) लिहून एंटर मारा. येणाऱ्या मजकुरात ‘एनर्जी फुल डिझाइन’ म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि ‘एनर्जी फुल’ म्हणजे आजची. पहिली ४८ आणि दुसरी २४ असेल तर बॅटरी अर्धी उरली. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करून मागा. दोन बॅटऱ्यांच्या थिंकपॅडमध्ये दोन्हींचे आकडे वेगळे येतात, दोन्ही वाचा. ‘डिस्क्स’ नावाच्या अ‍ॅपमध्ये साठवणीची ‘स्मार्ट’ माहिती असते. तिथे बिघाडाचा इशारा असेल किंवा चालू तासांचा आकडा अवाढव्य असेल तर डिस्क बदलून मागा. जुन्या फिरत्या डिस्कचं यंत्र दिलं तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घातल्याशिवाय घेऊ नका. वेगात पडणारा फरक प्रोसेसरच्या पिढीपेक्षा मोठा असतो.

बोटाचा ठसा वाचणारी पट्टी बऱ्याच यंत्रांत लिनक्सवर चालत नाही. ती चालत नाही म्हणून यंत्र नाकारू नका, पासवर्ड टाका.

शेवटी पंखा. एव्हाना यंत्र पंचवीस-तीस मिनिटं चाललेलं असेल. तळाला हात लावा. कोमट ठीक, चटका बसत असेल किंवा पंखा सतत किंचाळत असेल तर आतली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलेली असू शकते. ती बदलून मागता येते.

कागद

जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. तळावरचा नंबर आणि सेटिंगमध्ये दिसणारा नंबर एकच आहे का ते जुळवा. जुळत नसेल तर मदरबोर्ड बदललेला असू शकतो. बदलून द्यायची मुदत, मग ती पंधरा दिवस असो वा महिना, बिलावर लिहून घ्या. चार्जर तीन पिनांचाच मागा. धातूच्या अंगाचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर आणि कच्च्या अर्थिंगच्या घरात हाताला झिणझिण्या देतो. जुन्या वाड्यांत हे सर्रास घडतं.

घरी आल्यावर

डेलच्या यंत्रावर मिंट बसवताना डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. सेटिंगमध्ये साटा ऑपरेशन ‘रेड ऑन’ असतं, ते ‘एएचसीआय’ करा. डिस्क दिसायला लागते. विंडोज ठेवूनच मिंट बसवणार असाल तर हा बदल करण्याआधी कुणा जाणकाराला विचारा, कारण तो बदलल्यावर विंडोज सुरू व्हायला नखरे करतं. पहिल्याच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवायच्या फंदात न पडणं उत्तम.

बसवून झालं की आधी सगळे अपडेट, मग ‘टीएलपी’ नावाचं पॅकेज. थिंकपॅडवर त्यातून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवता येते. यंत्र दिवसभर इन्व्हर्टरवर किंवा भिंतीला लागलेलं राहत असेल तर बॅटरीचं आयुष्य यामुळे वाढतं. डेलमध्ये तीच सोय यंत्राच्या सेटिंगमध्ये असते.

मग भाषा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे अधिकच्या खुणेवर दाबून भारतीय गटातून मराठी आणि कन्नड जोडा. एकमेकांतून जायची कळ त्याच खिडकीतल्या पर्यायांत ठरवा. इथे सीमाभागातल्या माणसाला एक फायदा आपसूक मिळतो. इन्स्क्रिप्ट ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे : ज्या कळीवर मराठीत क उमटतो तिथेच कन्नडात ಕ उमटतो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, दोन्ही भाषांत तेच. एकदा मराठी टायपिंग शिकलात की कन्नडासाठी बोटांना नव्याने काही शिकवावं लागत नाही, लिपी तेवढी यावी लागते.

शाळेत किंवा सरकारी कचेरीत नुडीवर टाइप करून ज्यांची बोटं कगप मांडणीवर (इंग्रजी कळांच्या उच्चारावर बेतलेल्या) बसली आहेत, त्यांनी ती मोडायची गरज नाही. मिंटच्या यादीत कन्नड कगप आहे तशीच मराठी कगपही आहे. तीच बोटं, फक्त पडद्यावर देवनागरी. हॉटेलच्या बिलापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत एकाच कागदावर दोन्ही भाषा लागणाऱ्यांनी तिन्ही मांडण्या, म्हणजे इंग्रजी, मराठी, कन्नड, ओळीने लावून ठेवाव्यात.  कीबोर्डवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर घेऊ नका. आपल्या दमट हवेत महिन्याभरात त्यांच्या कडा सुटतात आणि डिंक कळांच्या फटीत जातो. त्यापेक्षा मांडणीचं चित्र छापून भिंतीला लावा.